बास-विवर्धकास दुसरी पेटी जोडताना

बास गिटारचा विवर्धक आणि ध्वनिक्षेपक एकाच पेटीत बसविलेले असले म्हणजे त्या यंत्रास वादक ‘कॉम्बो’ म्हणतात. पुण्यातील तालमीच्या खोलीत असा कॉम्बो पुरतो. परंतु १९६८ साली खुल्या झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या सभागृहात, किंवा मंद्र स्वर परतविण्यास भिंतीच नसलेल्या गणेशोत्सवाच्या मांडवात, तो अपुरा पडतो. मग ध्वनिक्षेपकाची दुसरी पेटी आणून जोडावयाची, हा सरळ उपाय. पेटीची निवड मात्र बहुधा तिच्यावरील वॉटचा आकडा पाहून होते. तो आकडा पेटी किती शक्ती सोसू शकेल एवढेच सांगतो. तिचा आवाज किती होईल, किंवा विवर्धक सुरक्षित राहील की नाही, हे त्यावरून कळत नाही.

सुरक्षितता संरोधावर अवलंबून असते. बहुतेक कॉम्बोंत बाहेरची पेटी आतील ध्वनिक्षेपकाशी अनेकसर जोडली जाते. ८ ओहमांच्या दोन ध्वनिक्षेपकांचा संयुक्त संरोध ४ ओहम होतो. ८ ओहमांस ४ ओहमांची पेटी जोडल्यास तो २.६७ वर उतरतो. ट्रान्झिस्टरचा विवर्धक विद्युत् दाब जवळजवळ कायम राखीत असल्यामुळे संरोध घटेल तसतसा प्रवाह वाढतो, आणि ज्याची किमान मर्यादा ४ ओहम आहे असे यंत्र तापू लागते. हा दोष पहिल्याच गाण्यात उघड होईल असे नाही. उष्णता साचत जाते व यंत्र ऐन रंगात आलेल्या कार्यक्रमात बंद पडते. निर्वात नलिकांच्या विवर्धकाची गोष्ट निराळी: त्याच्या प्रदान-रोहित्रास ठरलेलाच भार हवा, आणि भाराविना वाजविल्यास त्यात धोकादायक दाब निर्माण होऊ शकतो.

पेटीवरची चिठ्ठी पुसट झाली असल्यास मापकाने रोध मोजावा. ८ ओहमांचा ध्वनिक्षेपक एकदिश प्रवाहास सुमारे ६ ओहम दाखवितो. त्यावरून तो सदोष समजू नये. मांडवातील कर्ण्यांच्या वाटेस मात्र जाऊ नये. त्यांपैकी पुष्कळांत १०० व्होल्टांच्या तारजोडणीसाठी लहान रोहित्र असते. मंद्र स्वरांत त्याचा गाभा संतृप्त होतो, आणि कर्ण्यातून ते स्वर तसेही निघत नाहीत.

आता आवाजाचा हिशेब. एखादा विवर्धक ८ ओहमांत ३०० व ४ ओहमांत ५०० वॉट देतो असे समजू. तशीच दुसरी पेटी जोडल्यास शक्तीची वाढ केवळ २.२ डेसिबेल भरते. खरा लाभ अन्यत्र आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता ४१.२ हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी आठ मीटरांहून थोडी अधिक. त्या मानाने दोन पेट्या अगदी जवळ असल्या तर त्या एकाच मोठ्या ध्वनिक्षेपकाप्रमाणे हवा हलवितात, आणि मंद्र स्वरांत आणखी सुमारे ३ डेसिबेल मिळतात. म्हणून पेट्या एकमेकींवर रचाव्यात. शोभेसाठी त्या रंगमंचाच्या दोन टोकांस ठेवल्या, तर ज्या आसनांपर्यंतच्या अंतरांत सुमारे चार मीटरांचा फरक पडतो तेथे हाच स्वर क्षीण होतो.

भिन्न जातीची पेटी घेतल्यास तिची संवेदनशीलता, म्हणजे १ वॉटास १ मीटरवर मिळणारा आवाज, पाहावी. तीन डेसिबेलांनी सरस पेटी निम्म्या शक्तीत तितकाच आवाज देते. मग कॉम्बोतील ध्वनिक्षेपक तिच्यापुढे झाकला जातो. शिवाय संरोध असमान असल्यास ४ ओहमांची पेटी ८ ओहमांच्या दुप्पट शक्ती ओढते.

एवढे सारे जुळूनही कधी आवाज वाढण्याऐवजी पातळ होतो. अशा वेळी तारांची ध्रुवता उलटी झालेली असण्याचा संभव फार. एक शंकू बाहेर येताना दुसरा आत जातो आणि मंद्र स्वर परस्परांस मारतात. विवर्धकापासून सोडविलेल्या पेटीच्या तारांस १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. धन अग्र धन टोकास असता शंकू पुढे आला पाहिजे. न आल्यास दोन तारांची अदलाबदल करावी. या जोडणीस गिटारची बारीक, आवरणयुक्त तार वापरू नये. दोन जाड तारांची केबलच हवी.