धुराडे-सफाई

लाकूड, कोळसा यांसारखे घन इंधन जाळून घर उबदार ठेवण्यासाठी भिंतीत बांधलेली शेगडी व तिला जोडलेले धुराडे यांच्या आतील काजळी, राख आणि इतर अडथळे काढून धुराचा मार्ग मोकळा करण्याच्या कामास धुराडे-सफाई म्हणतात. यूरोप व उत्तर अमेरिका येथील कडक हिवाळ्याच्या शहरांत हे काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक वर्ग आहे. हे काम घराच्या नेहमीच्या स्वच्छतेपैकी वाटले, तरी त्याचा मुख्य हेतू आग व विषारी वायू यांपासून रहिवाशांचे रक्षण करणे हा होय. लंडनमधील या व्यवसायाचा इतिहास बालमजुरी, व्यवसायजन्य रोग आणि कामगारविषयक कायदे यांच्याशी निगडित असल्याने तो विशेष उद्‌बोधक आहे.

काजळी व तिचे धोके : ज्वलनातून निघालेले तप्त वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलके असल्याने धुराड्यातून वर चढतात व त्यांच्या जागी खोलीतील हवा शेगडीत ओढली जाते. ही ओढ धुराड्याची उंची, आतील तापमान व मार्गाचा मोकळेपणा यांवर अवलंबून असते. ज्वलन अपुरे झाल्यास धुराबरोबर कार्बनाचे सूक्ष्म कण, पाण्याची वाफ व डांबरी पदार्थांची बाष्पे वर जातात. धुराड्याची आतील बाजू सु. १२०° से. पेक्षा थंड असेल, तर ही बाष्पे तिच्यावर गोठून क्रिओसोट नावाचा ज्वालाग्राही थर तयार होतो. प्रारंभी तो भुसभुशीत असतो व कुंच्याने सहज निघतो. पुढे त्याचे ठिसूळ पापुद्रे बनतात आणि अखेरीस काचेसारखा चकचकीत, कठीण लेप तयार होतो. हा लेप साध्या कुंच्याने निघत नाही. त्यासाठी रासायनिक द्रव्ये किंवा फिरत्या साखळ्यांची उपकरणे वापरावी लागतात. ओले लाकूड जाळणे आणि हवा कमी करून विस्तव रात्रभर धुमसत ठेवणे ही थर वाढण्याची प्रमुख कारणे होत. म्हणून जळाऊ लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा कमी असावे, असे सांगितले जाते.

हा थर पेटल्यास धुराड्यातील तापमान सु. १,१००° से. पर्यंत जाऊ शकते. अशा वेळी मोठा घरघराट ऐकू येतो, विटांच्या दर्जा फुटतात, मातीच्या नळांचे अस्तर तडकते आणि जवळच्या तुळयांना आग लागण्याचा संभव असतो. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडाचा. काजळीने किंवा पक्ष्यांच्या घरट्याने मार्ग बंद झाला, की हा रंगहीन व गंधहीन वायू खोलीत परततो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी त्याचा संयोग ऑक्सिजनाच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी दृढ असल्याने झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. धूर खोलीत दिसत नाही, एवढ्यावरून धुराडे निर्दोष आहे असे मानता येत नाही.

सफाईची रीत : ब्रिटनमध्ये सफाई बहुधा खालून केली जाते. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर राख व जाळी काढून घेतात, जमिनीवर कापड अंथरतात आणि शेगडीचे तोंड पडद्याने बंद करतात. पडद्याच्या छिद्रातून गोल कुंचा आत घालून त्याच्या दांड्याला एकेक लवचिक कांडी जोडत तो वर सरकवितात. कांड्यांचे आटे सुटून कुंचा आत अडकू नये, म्हणून त्या एकाच दिशेने फिरवितात. कुंचा धुराड्याच्या शेंड्याबाहेर आल्याची खात्री घराबाहेरून केली जाते. खाली पडलेली काजळी सूक्ष्म कण अडविणाऱ्या निर्वात झाडणीने शोषून घेतात. शेवटी धूर सोडून ओढ तपासतात व गरजेनुसार लहान कॅमेरा आत घालून भेगा पाहतात. जर्मनीत मात्र छपरावर चढून दोरीला लोखंडी गोळा व कुंचा बांधून तो वरून सोडण्याची पद्धत रूढ आहे.

सफाई किती वेळा करावी हे इंधनावर ठरते. ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनांच्या शिफारशीनुसार निर्धूर इंधनासाठी वर्षातून किमान एकदा, साध्या कोळशासाठी दोनदा, तर लाकडासाठी वापराच्या काळात दर तीन महिन्यांनी सफाई करावी. हिवाळा सुरू होण्यापूर्वीची सफाई विशेष महत्त्वाची, कारण उन्हाळ्यात धुराडे बंद असताना कावळ्याच्या जातीचे जॅकडॉ हे पक्षी त्यात काटक्यांची घरटी करतात.

लंडनमधील इतिहास : १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडन विटांनी पुन्हा बांधले गेले. कोळशाचा वापर वाढत गेला व एकेका घरात अनेक शेगड्या आल्या. त्यांचे धूरमार्ग अरुंद व वळणावळणाचे असत, सु. ३६ × २३ सेंमी. हे माप सर्रास आढळे व काही मार्ग २३ सेंमी. चौरस एवढेच असत. जुन्या धुराड्यांना आतून चुना व गाईचे शेण यांचा गिलावा केलेला असे. प्रौढ माणसास शिरता येणार नाही अशा या मार्गांत काजळी खरवडण्यासाठी लहान मुलांना चढविण्यात येई. अनाथ व गरीब मुले उमेदवार म्हणून मालकांच्या ताब्यात दिली जात. त्यांपैकी काही पाच-सहा वर्षांचीच असत. कोपरे व गुडघे निबर व्हावेत म्हणून ते विस्तवाजवळ खारट पाण्याने चोळले जात. झोपण्यासाठी बहुधा काजळीची पोतीच असत. काजळी खत म्हणून विकली जात असल्याने तिच्यावर मालकाचा हक्क असे. चढताना गुडघे हनुवटीशी अडकून किंवा काजळीच्या ढिगाखाली गुदमरून अनेक मुले दगावली.

लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचे वर्णन केले व त्याचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायामुळे उद्भवणाऱ्या कर्करोगाची ही पहिली स्पष्ट नोंद मानली जाते. १९१५ मध्ये यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना दगडी कोळशाचे डांबर लावून कर्करोग निर्माण केला, तर १९३३ मध्ये अशा डांबरातून बेंझोपायरीन हे कर्कजनक संयुग वेगळे करण्यात आले. त्यामुळे पॉट यांच्या अनुमानाला प्रायोगिक आधार मिळाला.

कायदा व यंत्र : १७८८ च्या कायद्याने उमेदवाराचे किमान वय आठ वर्षे ठरविले; पण तपासणीची व्यवस्था नसल्याने तो निष्प्रभ ठरला. १८०३ मध्ये लंडनमध्ये मुलांना चढविण्याची गरज नाहीशी करण्यासाठी संस्था स्थापन झाली व तिने यांत्रिक साधनासाठी बक्षीस जाहीर केले. त्याच वर्षी जॉर्ज स्मार्ट यांनी पोकळ कांड्यांतून दोरी ओवलेला कुंचा तयार केला. १८२८ मध्ये ब्रिस्टलच्या जोझेफ ग्लास यांनी त्याहून सोयीस्कर कुंचा काढला. आजचा कुंचा मुख्यतः त्याच धर्तीचा आहे. तरीही मुले चढतच राहिली. वळणाच्या धुराड्यांत यंत्र चालत नाही, असे मालक म्हणत. खोलीत काजळी उडेल म्हणून घरधनीही यंत्राला नकार देत. १८१९ मध्ये बंदीचे विधेयक उमराव सभेने फेटाळले. १८३४ व १८४० च्या कायद्यांनी वयोमर्यादा वाढविली आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीस धुराड्यात चढविण्यास मनाई केली. तथापि अंमलबजावणीअभावी त्यांचे सर्रास उल्लंघन झाले.

१८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळील फुलबोर्न येथील एका रुग्णालयाच्या धुराड्यात पाठविलेला जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा आत अडकला. भिंत फोडून त्यास बाहेर काढण्यात आले. पण तो थोड्याच वेळात मरण पावला. त्याच्या मालकास सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्‌सबरी यांच्या प्रयत्नाने संमत झालेल्या कायद्यान्वये प्रत्येक धुराडे-सफाईदारास पोलिसांकडून दरवर्षी परवाना घेणे सक्तीचे झाले. परवाना गमावला की धंदाच बंद पडत असल्यामुळे ही तरतूद परिणामकारक ठरली. मुलांना पर्याय ठरणारे साधन १८०३ पासून उपलब्ध होते; परंतु त्याचा वापर सार्वत्रिक होण्यास देखरेखीची व्यवस्था यावी लागली व त्यात बहात्तर वर्षे गेली.

सद्यःस्थिती : ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनवर पसरलेल्या विषारी धूरधुक्याने हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. धूर-नियंत्रण क्षेत्रे ठरविण्यात आली, घरे गॅसवर व मध्यवर्ती तापनावर गेली आणि या व्यवसायाचा व्याप घटला. पुढे लाकूड जाळणाऱ्या लोखंडी शेगड्या लोकप्रिय होऊन मागणी पुन्हा वाढली. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये ओले लाकूड कमी प्रमाणात विकण्यावर व घरगुती दगडी कोळशाच्या विक्रीवर निर्बंध आले आहेत. माँट्रिऑल या कॅनडातील शहरात १ ऑक्टोबर २०१८ पासून ताशी २.५ ग्रॅ. पेक्षा अधिक सूक्ष्म कण सोडणाऱ्या लाकडी शेगड्या एरवी वापरता येत नाहीत.

धुराडे-सफाईविषयीचे जुने कायदे ब्रिटनमध्ये १९३८ साली रद्द झाले. इंग्लंडमध्ये हा व्यवसाय परवान्याविना करता येतो. प्रशिक्षण व प्रमाणपत्र यांची जबाबदारी ऐच्छिक व्यावसायिक संघटनांवर आहे. जर्मनीत १९३५ पासून एका विभागात एकाच अधिकृत सफाईदाराचा एकाधिकार होता. २००८ मधील कायद्याने तो शिथिल झाला व २०१३ पासून नेहमीच्या सफाईसाठी घरमालकास आपला सफाईदार निवडता येतो. मात्र शेगडीची पाहणी करून सफाईच्या मुदती ठरविण्याचे काम विभागीय अधिकृत सफाईदाराकडेच आहे. इंग्लंडमध्ये नेमलेला सफाईदार प्रशिक्षित आहे की नाही, हे पाहण्याचा भार त्यामुळे घरमालकावर पडतो. कामानंतर दिले जाणारे, तारीख व आढळलेले दोष नमूद केलेले प्रमाणपत्र जपून ठेवणे हितावह असते. कारण धुराड्यास आग लागून नुकसान झाल्यास विमा कंपनी त्याची मागणी करू शकते. घन इंधनाची शेगडी असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडाची सूचना देणारे उपकरण बसविणे इष्ट असते. परंतु ते सफाईला पूरक असून तिचा पर्याय नव्हे.