'निर्विषीकरण' : एका संज्ञेची मर्यादा आणि यकृतातील आनुवंशिक भेद

१

शास्त्रीय संज्ञा ही केवळ खूणचिठ्ठी नसते. तिच्या घडणीतच एखादे विधान दडलेले असते. 'निर्विषीकरण' हा शब्द घेतला तर त्यात दोन विधाने स्पष्ट आहेत : प्रारंभी विष असते आणि अखेरीस ते नाहीसे होते. तिसरे विधान अध्याहृत आहे. ते असे की, ही क्रिया सर्व माणसांत एकाच रीतीने घडते. यकृताच्या कार्याचे वर्णन करताना हा शब्द आपण सर्रास योजतो, आणि अलीकडे शरीर 'डिटॉक्स' करून देणाऱ्या चूर्णांच्या व काढ्यांच्या जाहिरातींनी त्याची कल्पना घरोघर पोचविली आहे. ही तीन विधाने वस्तुस्थितीशी कितपत जुळतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक वैद्यकाचा नव्हे, भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. परंतु परिभाषेची चिकित्सा हे भाषाशास्त्राचे काम आहे, आणि संज्ञेतील गृहीतकृत्य चुकीचे असेल तर ते विचारात व पुढे व्यवहारातही उतरते. म्हणून हा सीमाप्रदेश ओलांडण्यास हरकत नसावी.

२

'यकृत्' हा शब्द फार प्राचीन होय. लॅटिनमधील 'येकुर', ग्रीकमधील 'हेपार' आणि फारसीतील 'जिगर' हे त्याचे सगोत्र शब्द. मराठीने 'जिगर' घेतला तो धैर्याच्या अर्थी. 'कालेय' या यकृतवाचक संस्कृत शब्दापासून आलेले आपले 'काळीज' बोलण्यात हृदयाच्या जागी जाऊन बसले; मूळ अर्थ खाटकाच्या दुकानातील 'कलेजी'ने तेवढा जपला. शब्दांचे अर्थ असे स्थलांतर करतात ते सहसा निरुपद्रवी असते. शास्त्रीय संज्ञेच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही.

यकृतात जे घडते ते थोडक्यात असे. अनेक औषधे, अन्नातील अनेक द्रव्ये व शरीरात तयार झालेली काही द्रव्ये चरबीत विरघळणारी असतात. ती मूत्रावाटे सहजी बाहेर पडत नाहीत. यकृतातील एंझाइमे त्यांचे पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांत रूपांतर करतात. आर. टी. विल्यम्स या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञाने या विषयावर १९४७ साली लिहिलेल्या प्रमाणभूत ग्रंथाचे नावच 'डिटॉक्सिकेशन मेकॅनिझम्स' असे होते. त्याच्या १९५९ च्या आवृत्तीत या क्रियेच्या दोन अवस्था मांडल्या गेल्या. पहिल्या अवस्थेत मुख्यतः सायटोक्रोम पी-४५० कुळातील एंझाइमांकडून द्रव्याचे ऑक्सिडीभवन होते. दुसऱ्या अवस्थेत त्याला एखादा नवा घटक जोडला जातो. या जोडणीस संयुग्मन म्हणतात.

आता पहिली अडचण. रूपांतर म्हणजे विषाचा नाशच, असे मुळीच नाही. पॅरासिटॅमॉल हे नेहमीच्या मात्रेत निर्धोक औषध आहे. परंतु त्याच्या थोड्या अंशाचे यकृतात ऑक्सिडीभवन होऊन एक अत्यंत क्रियाशील द्रव्य बनते, आणि मात्रा फार वाढली की तेच यकृताच्या पेशी मारते. कोडीनचे यकृतात मॉर्फीन होते. मूळ द्रव्यापेक्षा रूपांतरित द्रव्य येथे कितीतरी प्रबळ ठरते. म्हणजे यकृत विष उतरविते तसे कधीकधी घडवितेही.

३

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ती आनुवंशिक भेदांतून उद्भवते, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण क्षयरोगावरील आयसोनियाझिड या औषधाचे आहे.

हे द्रव्य प्रागमध्ये १९१२ साली प्रथम बनविले गेले. त्याचा क्षयरोगावरील गुण मात्र १९५२ साली उजेडात आला. लवकरच असे दिसून आले की, सारखीच मात्रा घेतलेल्या रुग्णांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण काही तासांनी सारखे राहत नाही. १९६० साली प्राइस एव्हान्स, मॅनली व मॅक्क्यूसिक यांनी कुटुंबवार पाहणी करून दाखविले की, माणसांचे येथे दोन गट पडतात आणि हा भेद मेंडेलच्या नियमांनुसार संततीत उतरतो. एका गटात औषध शरीरातून निम्मे होण्यास सुमारे १ ते १.५ तास लागतो, दुसऱ्यात सुमारे ३ तास. पहिल्यांना शीघ्र ॲसिटिलीकारक व दुसऱ्यांना मंद ॲसिटिलीकारक म्हणतात. मंदत्व हा अप्रभावी गुण असल्याने तो आई व वडील या दोघांकडून यावा लागतो. दोन्ही प्रकारच्या जनुकांची एकेक प्रत असणाऱ्यांचा मध्यम गटही पुढे ओळखता आला.

या भेदाचे मूळ आठव्या गुणसूत्रावरील 'नॅट-२' या जनुकात आहे. त्यापासून घडणारे प्रथिन २९० ॲमिनो आम्लांचे असते. जनुकाच्या लेखनात एका अक्षराच्या जागी दुसरे आले की साखळीतील एक ॲमिनो आम्ल बदलते, आणि एंझाइम दुर्बल किंवा अस्थिर होते. 'दिन' आणि 'दीन' यांत एका मात्रेचाच फरक असतो. येथेही फरक तेवढाच, पण परिणाम रक्तात मोजता येण्याजोगा.

मंद गटातील रुग्णांत हातापायांना मुंग्या येणे व बधिरता हे मज्जाविकार अधिक आढळतात. त्यावर ब-६ जीवनसत्त्व देण्याची प्रथा पडली. यकृताच्या दाहाचा प्रश्न मात्र बराच काळ वादग्रस्त राहिला, आणि संज्ञेच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. ॲसिटिलीकरणाने आयसोनियाझिडचे जे द्रव्य बनते त्यापासून पुढे ॲसिटिलहायड्रॅझीन सुटते, आणि त्याच्या ऑक्सिडीभवनातून यकृतास अपाय करणारी द्रव्ये होतात. यावरून १९७० नंतरच्या दशकात असे अनुमान काढण्यात आले की, शीघ्र गटात हे द्रव्य अधिक बनत असल्याने धोका त्यांनाच अधिक असावा. अनुमान तर्कशुद्ध दिसत होते. पण त्यात एक दुवा सुटला होता. तेच नॅट-२ एंझाइम ॲसिटिलहायड्रॅझीनचे पुन्हा ॲसिटिलीकरण करून त्याला निरुपद्रवी बनविते. मंद गटात ही दुसरी पायरीही अडते. शिवाय साचलेल्या मूळ औषधातून हायड्रॅझीन हे विषारी द्रव्य बनण्याचा आडमार्ग अधिक वापरला जातो. पुढील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत धोका मंद गटाकडेच अधिक असल्याचे दिसून आले.

तात्पर्य, एकच एंझाइम एका पायरीवर विषाचा पूर्वज घडविते आणि पुढच्या पायरीवर त्याच विषाचा निरास करते. अशा क्रियेला 'निर्विषीकरण' म्हणावे की 'विषीकरण'? दोन्ही शब्द येथे तोकडे पडतात.

४

हा वाद केवळ ग्रंथालयातील नव्हे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि आयसोनियाझिड आजही उपचाराच्या पहिल्या फळीत आहे. मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राच्या अभ्यासांत या भेदाची दुसरी बाजू दिसली होती : आठवड्यातून एकदाच औषध दिले तर शीघ्र गटातील रुग्णांना गुण कमी येई. म्हणजे एका गटाला औषध अपुरे, तर दुसऱ्याला अंगावर येण्याचा संभव. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी चाचणीत मात्रा जनुकरूपानुसार ठरविण्यात आली. नेहमीची मात्रा घेणाऱ्या मंद गटातील बहुतेकांना यकृताचा त्रास झाला. कमी मात्रा घेणाऱ्या मंद गटात तो कोणालाच झाला नाही. त्या गटांतील रुग्णसंख्या लहान होती हे खरे, तथापि दिशा स्पष्ट आहे. भारतात २०१७ पासून रोज औषध देण्याची पद्धत आली. मात्रा रुग्णाच्या वजनाच्या गटानुसार ठरते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मंद ॲसिटिलीकारक म्हणजे भावी यकृतरोगी नव्हे. वय, मद्यपान, यकृताचा पूर्वीचा आजार, सोबत दिले जाणारे रिफॅम्पिसिन यांचाही वाटा असतो, आणि मंद गटातील बहुसंख्य रुग्ण उपचार विनातक्रार पुरा करतात. उपचार मध्येच सोडणे हे केव्हाही घातकच. मळमळ, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे अशी लक्षणे आढळल्यास तत्काळ वैद्याला कळविणे हाच मार्ग.

५

इतर उदाहरणांचा निर्देश थोडक्यात करतो. १९०१ साली फ्रेंच वैद्य गिल्बर्ट यांनी वर्णिलेल्या स्थितीत उपवास किंवा श्रम झाल्यावर डोळ्यांना किंचित पिवळेपणा येतो. तिचे कारण १९९५ साली कळले : यूजीटी-१ए१ या जनुकाच्या आरंभी 'टीए' ही अक्षरजोडी ६ ऐवजी ७ वेळा येते. एका द्विरुक्तीने संयुग्मन मंदावते. एरव्ही ही स्थिती निरुपद्रवी. परंतु इरिनोटेकॅन हे कर्करोगावरील औषध दिल्यास तोच भेद गंभीर ठरू शकतो. तसेच २००८ साली पीएनपीएलए-३ या जनुकातील एका भेदाचा यकृतात मेद साचण्याशी निकट संबंध दाखविला गेला. ज्यांना आपण 'शुद्धी'ची साधने समजतो त्यांनाही हा नियम लागू आहे. हिरव्या चहाच्या संहत अर्काने यकृतास इजा झालेल्यांत एचएलए-बी कुळातील एक विशिष्ट रूप फार मोठ्या प्रमाणात आढळले. विष उतरविण्यासाठी घेतलेले द्रव्यच एखाद्याच्या यकृतास विष ठरावे, हे संज्ञेच्या फसवेपणाचे टोक होय.

६

शेवटी भाषाशास्त्राकडे वळू. नॅट-२ जनुकाचे जे रूप शास्त्रज्ञांनी तुलनेसाठी प्रमाण मानले, ते शीघ्र क्रियेचे रूप आहे. जपानमध्ये मंद गट सुमारे १० टक्केच असल्याने तेथे ते शोभते. युरोपात व भारतात मात्र सुमारे निम्मे किंवा त्याहून अधिक लोक मंद गटात मोडतात. तेव्हा प्रमाण कोणते आणि विचलन कोणते? प्रमाणभाषा व बोली यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. प्रमाण हे सोयीसाठी ठरविलेले असते. त्यापासूनचा भेद म्हणजे दोष नव्हे. जीवशास्त्रात अशा सर्वत्र पसरलेल्या भेदाला 'बहुरूपता' म्हणतात, आणि ती संज्ञा 'विकृती'पेक्षा निःसंशय न्याय्य आहे. आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ साली 'रासायनिक व्यक्तित्व' ही कल्पना मांडली ती याच दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

म्हणून सूचना एवढीच : यकृतातील या क्रियेस 'चयापचयी रूपांतर' म्हणावे, आणि 'निर्विषीकरण' हा शब्द त्या रूपांतराचा परिणाम खरोखरच तसा असेल तेथेच वापरावा. 'रूपांतर' हा शब्द परिणामाविषयी आधीच निवाडा देत नाही. कोणाचे यकृत, कोणते द्रव्य, किती मात्रा, हे तीन प्रश्न तो मोकळे ठेवतो. आणि रुग्णाचे हित त्या प्रश्नांच्या उत्तरांतच असते.