पिकअपचा सैल सांधा

रेडिओवर मला बोलावतात ते कविता वाचायला. आज मात्र वही घरी ठेवून आलो आहे आणि पिशवीतून लोखंडाचा एक तुकडा आणला आहे. वीतभर लांब, एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला चहूबाजूंनी हलणारी एक खुंटी. गॅरेजवाले याला टायरॉड एंड म्हणतात. आपल्या खांद्याचं हाड जसं उखळीत फिरतं, तशी या खुंटीची गोळी आतल्या वाटीत फिरते. स्टिअरिंग फिरवलं की पुढची दोन्ही चाकं बरोबरीनं वळतात, ती अशा सांध्यांच्या भरवशावर.

माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं एक जुनी पिकअप चालवतो. भाजी, सरकी, पेंड, कधी लग्नाचं सामान. गाडी घेताना दोघांनी पैसे घातले, म्हणून दुरुस्तीच्या वेळी मीही जाऊन उभा राहतो. एका दिवाळीच्या सुमारास तो म्हणाला, "भाईजान, स्टेरिंग ढिल्लं लागायलंय. गाडी रस्ताभर भटकायलीय."

दुकानात दोन टायरॉड एंड समोर आले. एक नामांकित कंपनीच्या डब्यातला, दुसरा बिनडब्याचा, निम्म्याहून कमी किमतीचा. दिसायला जुळे भाऊ. 'लोखंड ते लोखंड' म्हणत स्वस्तातला निवडला तो मी. बसवताना नटातली जुनी पिन तुटली. "तार घालू का?" असं विचारल्यावर "चालतंय की" म्हणणाराही मीच.

पंधरा दिवसांनी जिंतूर रस्त्यावर, झरीच्या अलीकडे, चाक खड्ड्यात आदळलं. भावानं स्टिअरिंग फिरवलं; एक चाक वळलं, दुसरं वळेना. मागे कापूस वेचून परतणाऱ्या सहा बाया बसल्या होत्या. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हे आम्हांला ठाऊक होतं. वेचणीच्या दिवसांत गावोगाव तेच चालतं, ही काही सबब नव्हे. वेग कमी होता. गाडी बांधाला टेकून थांबली, खरचटण्यावर निभावलं. तार तुटली होती, नट उतरला होता, खुंटी निसटली होती. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "बाबा, किती पैसे वाचिवले व्हते?" आकडा माझ्या तोंडून निघाला नाही.

त्यानंतर एका जुन्या, जाणत्या मिस्त्रीजवळ बसून मी हा विषय समजून घेतला. तोच तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट. सुटा भाग विकत घेण्याआधी झिजलं काय आहे ते शोधा. स्टिअरिंग सैल लागलं की आपण थेट दुकान गाठतो आणि भलताच भाग बदलून येतो. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. एकानं स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं एकेका सांध्यावर हात ठेवायचा. ज्या सांध्यात खुंटी आणि वाटी वेगवेगळ्या हलल्याचं हाताला जाणवेल, तो सांधा गेला. मग चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवा. हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबताच हलणं थांबलं, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं, तर किंग पिनचा. आणि ज्या गाडीला किंग पिन नसते तिथे बॉल जॉइंटचा. सगळे सांधे घट्ट असूनही स्टिअरिंग रिकामं फिरत असेल, तर स्टिअरिंग बॉक्स तपासा. एक सांभाळा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

दुसरी गोष्ट, निवड. जुन्या गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. नाव तेच राहतं, पण मधल्या वर्षांत कंपनी आतले भाग बदलते. म्हणून चेसिस नंबर लिहून न्या आणि काढलेला जुना भागही सोबत न्या. दोन्ही भाग शेजारी ठेवून चार गोष्टी जुळवा. लांबी. आट्यांची जाडी. आट्यांची दिशा, कारण टायरॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला डावे. त्यामुळेच मधला दांडा फिरवून चाकांचा कोन कमीजास्त करता येतो. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची, खुंटीचा उतार. ही खुंटी सरळ नसते, गाजरासारखी निमुळती असते आणि तशाच निमुळत्या भोकात बसते. उतार जुळला, तर ती सगळ्या अंगानं घट्ट धरते. थोडाही चुकला, तर ती एका कड्यावर टेकते, धक्क्याधक्क्यानं सैल होते आणि भोकही खराब करते. नट लावण्याआधी खुंटी हातानं दाबून हलवून बघा. डुगडुगली, तर तो भाग परत करा, मग तो कितीही नामांकित असो.

बिनडब्याच्या मालाची अडचण इथेच आहे. लोखंड वाईटच असेल असं नाही, पण माप आणि पोलादाची कडकाई यांची जबाबदारी कुणाचीच नसते. डब्याचीही नक्कल होते, म्हणून भागाचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. भंगारातला वापरलेला सांधा घेऊ नका. आणि जुनी वाटी ठोकून घट्ट करणं किंवा वेल्डिंग मारणं तर मुळीच नको. त्या उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं.

तिसरी गोष्ट, बसवणं. या नटाला खाचा असतात आणि खुंटीला आरपार भोक. नट आवळल्यावर भोक खाचेसमोर यायला हवं. आलं नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, मागे सैल करायचा नाही. त्यातून नवी पिन घालून तिची टोकं वळवायची. जुनी पिन नको, खिळा नको, तार नको. मग चाकांची अलाइनमेंट करून घ्या, नाही तर टायर एका बाजूनं खात जातात.

आता थोडं आपल्या भागाबद्दल. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. चाकाला बसणारा प्रत्येक हिसका या सांध्यांपर्यंत पोचतो. सांध्यावर रबराची टोपी असते. ती फाटली की ग्रीस बाहेर येतं, धूळ आणि चिखल आत जातो आणि गोळी झिजते. टोपीची किंमत किरकोळ, पण निम्मं आयुष्य तिच्यावर. ग्रीस भरायचं निप्पल असेल, तर ठरावीक काळानं ग्रीस भरत राहा.

हे नुसतं मिस्त्रीचं शहाणपण नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 98 वा नियम हेच सांगतो. स्टिअरिंगच्या चाकाला 30 अंशांपेक्षा जास्त रिकामी फिरकी नको, बॉल जॉइंटवर रबराच्या टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात. 30 अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंतचं अंतर. स्टिअरिंगवर खडूची एक रेघ मारली की घरीच मोजता येतं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं. तेव्हा ते कागदापुरतं न उरकता या तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मी आणलेला तुकडा तोच आहे, झरीच्या अलीकडे निसटलेला. तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात असतो. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर उद्या सकाळी ती सुरू करण्याआधी खाली वाकून तेवढी पिन बघा. पिनच आहे ना, की तार आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)