परतलेली प्रतिकारशक्ती कोणावर उलटते?

१ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाला विषाणूचे घटलेले प्रमाण आणि वाढलेल्या सीडी४ या संरक्षक पेशी हे दोन आकडे यशाची खूण म्हणून दरवर्षी मांडले जातात. त्या वाढलेल्या पेशी शरीरात पुढे काय करतात, याची वास्तपुस्त मात्र क्वचितच होते. संरक्षक पेशी आपला-परका हा भेद विसरून स्वतःच्याच अवयवांवर चालून जातात, तेव्हा त्या विकाराला स्वयंप्रतिकार विकार म्हणतात; एचआयव्हीवरील औषधोपचार, म्हणजेच एआरटी, असे काही विकार शमवतो, तर काहींना वाट करून देतो.

शमणाऱ्यांची यादी जुनी आहे. उपचाराअभावी रक्तातील प्लेटलेट घटतात, किंवा सीडी८ या दुसऱ्या प्रकारच्या संरक्षक पेशी लाळग्रंथींत शिरून कानाखाली सूज येते व तोंड कोरडे पडते. विषाणू दबला की हे बहुधा ओसरते.

उलट बाजूला, उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत क्षयाच्या गाठी अचानक फुगतात आणि ताप चढतो, तो ‘आयरिस’ नावाचा दाह होय. तेथे रोख शरीरावर नसून दडलेल्या जंतूंवर असल्याने त्याला स्वयंप्रतिकार म्हणणे सैल भाषेचे ठरेल.

खरा स्वयंप्रतिकार उशिरा येतो, आणि म्हणूनच तो नजरेतून सुटतो. थायरॉइडला सतत चेतवणारी प्रतिपिंडे तयार होऊन उद्भवणारा ग्रेव्हज विकार एआरटीनंतर उशिराने दिसल्याची नोंद फ्रेंच डॉक्टरांनी १९९८ मध्ये केली. तो साधारण एक ते तीन वर्षांनी डोके वर काढतो. याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण असे, की आरंभी वाढतात त्या मुख्यतः जुन्या, अनुभवी पेशी, तर छातीतील थायमस ग्रंथीतून नव्या, कोऱ्या पेशी सावकाश येतात आणि त्यांतल्या काही स्वकीयांवरच उलटतात.

ग्रेव्हज विकारात वजन उतरते, छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो; एचआयव्ही असलेल्या माणसाचे वजन उतरले की घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही प्रथम औषध निकामी झाल्याचीच शंका येते. वस्तुतः हा बिघाड औषध लागू पडल्यामुळेच झालेला असतो आणि थायरॉइडवरील साध्या गोळ्यांनी तो बहुधा आटोक्यात येतो. विषाणू दबलेला असूनही वजन घटत असेल, तर एआरटी परस्पर बंद न करता टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी.