खिडक्यांमागे राहिलेले पत्ते

साताऱ्यात माझ्या टेबलावर सनचं स्पार्कस्टेशन ५ आहे. हे १९९४ सालचं मॉडेल, वर सोलॅरिस २.६. सांगलीच्या मित्राने विद्यार्थ्यांसाठी एक छोटा लिस्प इंटरप्रिटर लिहिलाय. त्यातला गार्बेज कलेक्टर इंटेल मशीनवरच्या लिनक्सवर बिनतक्रार चालतो. तो या मशीनवर पोर्ट करायचा होता.

कलेक्टर हान्स बोएम आणि मार्क वायझर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा. कुठला आकडा पॉइंटर आणि कुठला नुसता आकडा, हे सी भाषेचा कंपायलर सांगत नाही. म्हणून कलेक्टर स्टॅक, ग्लोबल व्हेरिएबल्स आणि रजिस्टर्स चाळतो आणि हीपमधल्या पत्त्यासारखं जे दिसेल ते पत्ताच धरतो. थोडा कचरा राहिला तरी चालेल, पण वापरातली जागा मोकळी होता कामा नये. हा सावधपणा मला फार आवडतो.

कंपाईल सरळ झालं. चाचणी मात्र कधी पास व्हायची, कधी कोअर डम्प. डीबगरमध्ये पाहिलं तर वापरात असलेल्या लिस्टमधली एक कडी मोकळी करून तिथे भलतंच ऑब्जेक्ट बसलेलं. तपासायला मध्ये एक प्रिंटएफ टाकला की बिघाड गायब, काढला की पुन्हा हजर.

रजिस्टर्स चाळायला कलेक्टर सीचा सेटजंप वापरतो; तो रजिस्टर्स एका बफरमध्ये टिपून ठेवतो, ही अपेक्षा. फोनवर मित्र म्हणाला, "अरे, सेटजंप आहे की. रजिस्टर्स त्या बफरमध्ये सापडतीलच."

इंटेलवर सापडतात. स्पार्कची तऱ्हा वेगळी. इथे फंक्शनला एका वेळी ३२ रजिस्टर्स दिसतात, त्यातली २४ 'विंडो'मधली. नवा कॉल झाला की विंडो १६ रजिस्टर्स पुढे सरकते, कॉल करणाऱ्याची लोकल रजिस्टर्स आड जातात. या प्रोसेसरवर अशा आठच विंडो. त्या संपल्या की जुनी विंडो स्टॅकवर उतरते, तोवर तिथल्या राखीव ६४ बाइटांत शिळा मजकूर. सेटजंप इथे स्टॅक पॉइंटर, परतीचा पत्ता अशा मोजक्याच गोष्टी टिपतो. म्हणजे झडती घेणाऱ्याने कपाटं उपसली, खिसे तपासलेच नाहीत. प्रिंटएफच्या पोटात कॉलवर कॉल होतात, विंडो भरतात, आमचा पॉइंटर आपोआप स्टॅकवर येतो आणि कलेक्टरला दिसतो. बिघाड लपायचा तो असा.

उपाय एका ट्रॅपचा: असेम्ब्लीत 'टीए ३'. तो मागच्या सगळ्या विंडो स्टॅकवर उतरवून घेतो. छोट्या वेगळ्या फाइलमध्ये तो लिहिला आणि प्रत्येक कलेक्शनच्या सुरुवातीला एकदा बोलावला. स्टॅक चाळायचा कोड बदलावा लागला नाही, कारण इंटेलसारखाच स्पार्कचाही स्टॅक खाली वाढतो. एचपीच्या पीए-रिस्कवर तो वर वाढतो. तिथे चाळायची दिशाही उलटी करावी लागली असती.

चाचण्यांत आता एक केस कायमची घातली आहे: दोन-तीन कॉल्सच्या आतच, मध्ये काहीही न छापता, कलेक्शन घडवणारी. खोल रिकर्शनच्या जुन्या चाचण्यांत हा दोष सहज लपला असता.