इक्वॅनिमिटी

सुखदुःखाच्या प्रसंगी मनाचा तोल ढळू न देण्याची वृत्ती दर्शविणारा इंग्रजी शब्द. मराठीत त्यास ‘समचित्तता’ हा पर्याय योग्य ठरतो. ‘ईक्वस’ (सम, न्याय्य) व ‘ॲनिमस’ (मन) या लॅटिन शब्दांपासून तो सिद्ध झाला असून सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजीत आला. त्या काळी निःपक्षपातीपणा असाही त्याचा अर्थ होता. तो पुढे लोप पावला.

शांततावाचक इतर शब्दांहून याची अर्थच्छटा भिन्न आहे. ‘कामनेस’ हा गुण समुद्राचा वा हवेचाही असू शकतो. ‘सिरेनिटी’ या शब्दात मूळची निरभ्र आकाशाची कल्पना आहे. ‘कंपोझ्यर’मध्ये बाह्य वर्तनावरील ताबा प्रधान असतो, मनात खळबळ असूनही तो राखता येतो. ‘इक्वॅनिमिटी’ मात्र अंतःकरणाचीच स्थिती असून, मन विचलित व्हावे असे काही तरी समोर असल्याचे तीत गृहीत असते. त्यामुळे टीका, हानी, पराभव किंवा मृत्यू यांना सामोरे जाण्याच्या संदर्भात हा शब्द विशेषेकरून योजतात.

रोमन सम्राट अँटोनायनस पायस (८६–१६१) याने मृत्युशय्येवर असताना रक्षकदलाच्या अधिकाऱ्यास ‘ईक्वॅनिमिटास’ हाच संकेतशब्द दिला, अशी कथा आहे. विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांनी १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आपल्या निरोपाच्या भाषणास हेच शीर्षक दिले. चेहरा व हात स्थिर ठेवणे हा त्यांच्या मते शारीरिक गुण, तर समचित्तता हा त्याला पूरक असा मानसिक गुण होय. मात्र तो अंगी बाणविताना वैद्याचे हृदय कठोर होऊ नये, असेही त्यांनी बजावले.

भारतीय विचारातील दोन संज्ञांसाठी हा शब्द वापरला जातो : भगवद्‌गीतेतील ‘समत्व’ व बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांतील ‘उपेक्षा’ (पाली–उपेक्खा). मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड. त्यामुळे मूळ संज्ञा तशीच घेतल्यास अर्थाचा विपर्यास होतो. बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग या पाचव्या शतकातील ग्रंथात अज्ञानजन्य बेपर्वाई ही उपेक्खेची ‘निकटची शत्रू’ म्हटली आहे. कारण ती वरकरणी उपेक्खेसारखीच भासते. ‘इक्वॅनिमस’ हे विशेषण सामान्य इंग्रजीत विरळ आहे. तथापि सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांच्या विपश्यना-शिकवणुकीमुळे ते साधकांच्या परिचयाचे झाले. इगतपुरी येथील धम्मगिरी हे या परंपरेचे प्रमुख केंद्र होय.

सारांश, समचित्तता म्हणजे भावनांचा अभाव नव्हे. दुःखाची जाणीव पूर्ण असूनही विवेक न सुटणे, हा या शब्दाचा गाभा होय. म्हणून ‘उदासीनता’ किंवा ‘अलिप्तता’ हे त्याचे अचूक पर्याय ठरत नाहीत.