समुद्रकांठचा सुरू

नाताळ जवळ आला म्हणजे कोंकणपट्टींत व गोव्यांत पुष्कळ घरीं एक हिरवी, झुपकेदार फांदी आणून तिला चांदण्या बांधतात आणि तिला 'पाइन' म्हणतात. ही फांदी बहुधा सुरूची असते, आणि सुरू हा पाइन नव्हे. शलमोनानें मंदिरासाठीं लबानोनांतून आणविलेल्या गंधसरूशींहि त्याचें नातें नाहीं. 'सुरू' हें नांवदेखील फारसी 'सर्व' या शब्दावरून आलेलें, म्हणजे मुळांत दुसऱ्याच वृक्षाचें.

ओळखण्याची खूण अगदीं सोपी आहे. खऱ्या पाइनचीं सुईसारखीं पानें बहुधा दोन, तीन किंवा पांच अशा जुडग्यांनीं येतात व त्यांस सांधे नसतात. सुरूची 'सुई' दोन्ही टोकांस धरून हळूच ओढावी. ती सांध्यावर सुटते. कारण ती पान नसून हिरवी डहाळी आहे. खरीं पानें प्रत्येक सांध्याभोंवतीं बारीक दांत्यांच्या कड्यासारखीं बसलेलीं असतात. भिंगांतून मोजल्यास तीं ६ ते ८ भरतात. पानें इतकीं लहान असल्यानें पाणी कमी उडून जातें. त्याचें फळ शंकूसारखें दिसतें खरें, परंतु तें सुपारीहूनहि लहान असून पिकल्यावर त्याला चोंचींसारखीं अनेक तोंडें फुटतात व प्रत्येकांतून पंख असलेलें एकेक बीं बाहेर पडतें. पाइन हें उघड्या बियांचें झाड, सुरू आवृत बियांचा. म्हणून दिसावयास कसाहि असो, कुळानें तो पाइनपेक्षां आंब्यास जवळचा आहे!

याचा मूळ देश आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया. आपल्याकडे १८६८ च्या सुमारास कारवार येथें त्याची लागवड झाली. मद्रास इलाख्यांत तर आगगाडीच्या एंजिनांस सरपण म्हणून त्याचीं बनें वाढविलीं गेलीं.

बीं इतकें हलकें कीं एका किलोंत कित्येक लक्ष दाणे मावतात, आणि तें फार दिवस टिकत नाहीं. म्हणून ताजेंच पेरावें. बारीक वाळूच्या वाफ्यावर पेरून वर वाळूचा अगदीं पातळ थर द्यावा व झारीनें हलकें पाणी घालावें. मुंग्यांवर लक्ष ठेवावें, नाहींतर त्या सारें बीं वाहून नेतील. एकदोन आठवड्यांत अंकुर दिसतात. रोप वीतभर होण्यापूर्वीं पिशवींत हलवावें, आणि त्या मातींत जुन्या सुरूखालची मूठभर माती अवश्य मिसळावी. या झाडाच्या मुळांवरील गांठींत 'फ्रँकिया' नांवाचे सूक्ष्म जीव राहतात व हवेंतील नायट्रोजन झाडास पुरवितात. निकृष्ट वाळूंतहि सुरू झपाट्यानें वाढतो त्याचें हें एक मोठें कारण होय. पावसाळ्याच्या आरंभीं रोपें सुमारें दोन मीटरांवर लावावीं व पहिले एकदोन उन्हाळे पाणी द्यावें. चांगल्या जागीं तीं वर्षाला मीटर-दोन मीटरहि उंच होतात. मात्र तोडलेल्या खुंटास सहसा जोमदार फुटवे येत नाहींत.

इतकें गुणी झाड सर्वत्र कां लावूं नये? ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दिवेआगरकडील सुरूच्या बनाची मोठी हानि झाली. त्या जागीं पुन्हां काय लावावें, हा प्रश्न किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. बन वारा अडवितें, उडणारी वाळू थोपवितें व मागील वाड्या राखतें, हें नाकारतां येत नाहीं. परंतु त्याच्या गळलेल्या डहाळ्यांचा जाड थर बसतो व त्याखालीं दुसरें फारसें कांहीं उगवत नाहीं. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीचीं कांसवें अंडीं घालण्यास येतात. भरतीच्या रेषेपर्यंत सुरू लावला तर मुळांच्या जाळ्यामुळें त्यांस खळगा खणतां येत नाहीं.

माझ्या मतें सुरू मागच्या रांगेंत असावा, आणि तोहि एकटा नसावा. उंडी व करंज यांची त्यास सोबत द्यावी. पुढच्या वाळूवर मर्यादवेल आपोआप पसरते. ती उपटूं नये, आणि तिच्यापुढची वाळू कांसवांसाठीं मोकळी ठेवावी.